लोहाराकडची सुरी, कोयता आणि घरातली लाकडाची ऊब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की दोन तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. शेतावर, हुरड्याला, भटकंतीला न्यायला लोहाराकडून चांगलं पातं कसं करून घ्यायचं, हा एक. थंडीत घरात लाकूड किंवा निखारे पेटवायचे तर कसे, हा दुसरा. विचारणारी माणसं बरेचदा तीच असतात, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ९ आणि १० वाचा, बाकीचं सवडीने.

१. चकचकीत स्टीलची सुरी बाजारात स्वस्तात मिळते. मग लोहाराकडे कशाला जायचं?

घरात कांदा-टोमॅटो चिरायचा असेल तर जाऊच नका, बाजारातली सुरी उत्तम. प्रश्न शेतातल्या कामाचा आहे. स्वस्त स्टेनलेसचं पातं मऊ असतं. वाळकी काडी तासली की धार वाकते आणि बांधावर बसून ती परत आणता येत नाही. लोहार गाडीच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) जे पातं काढतो त्यात कार्बन पुरेसा असतो, त्यामुळे ते कडक होतं आणि साध्या दगडावरही धार धरतं. शिवाय टोक मोडलं तर त्याच लोहाराकडे नेऊन नवं काढून आणता येतं. तोटा एकच, ते गंजतं. त्यावर प्रश्न ५ पाहा.

२. लोहाराला नेमकं काय सांगायचं? ‘सुरी करून द्या’ म्हटलं तर खाटकाचा सुरा हातात पडला.

तोंडी सांगू नका. पुठ्ठ्यावर हव्या त्या मापाची सुरी काढा, कापा, मुठीत धरून बघा आणि तो पुठ्ठा घेऊन जा. सगळी कामं करणारी सुरी म्हणजे पातं चार इंच, मूठ साडेचार इंच, पाठीची जाडी तीन मिलिमीटर. यापेक्षा मोठी सुरी फोटोत छान दिसते, हातात नाही.

आपल्याकडच्या लोहाराचा हात खुरपं, विळा, कुऱ्हाड यांवर बसलेला असतो, त्यामुळे तो धारेजवळही जाडी ठेवून देतो. पाठीकडून धारेकडे उतार एकसारखा हवा, हे आधीच बोलून घ्या. दुसरं म्हणजे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेलं हवं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फाका रिबिटाने ठोकलेल्या हव्यात. नुसतं टोकदार शेपूट लाकडात खुपसलेली मूठ एका हंगामात हलायला लागते.

मुठीला पूर्ण वाळलेली बाभूळ किंवा शिसव घ्या. किनवट-माहूरकडे ओळख असेल तर धावडा मिळवा, कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्यासारखं लाकूड नाही. ओलं लाकूड पुढे आकसतं आणि रिबिट सैल होतात.

रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारी घिसाडी कुटुंबंही हे काम झकास करतात. कारभारी सांडशीत पातं धरून हातोड्याने जागा दाखवतो आणि समोरून बाई घण मारते. बाजारात खुरप्याचा भाव पाडतात तसा इथे पाडू नका. तासलेल्या, उतार दिलेल्या सुरीला खुरप्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि घाई झाली की पहिली काट प्रश्न ४ मधल्या कामाला बसते.

३. लोखंड कुठलं चांगलं? माझ्याकडे बांधकामाची सळई पडून आहे.

सळई सळईच्या जागी राहू द्या. तिच्यात कार्बन फार तर पाव टक्क्याच्या आसपास असतो, कितीही तापवून विझवली तरी धार धरण्याइतकी कडक होत नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या पाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो आणि असं पातं कडक होऊनही लवचीक राहतं. कोयता, कुऱ्हाड, जाड सुरी यांना तोच घ्या. जुन्या कानशीत एक टक्क्याच्या वर कार्बन असतो, त्यामुळे धार अप्रतिम येते, पण पाणी चुकलं, म्हणजे तापवून विझवताना गफलत झाली, तर ती काचेसारखी तुटते. लहान सुरीलाच वापरा.

पाटा भंगारातून घेताना आडव्या बारीक चिरा बघा. वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात त्या असतात आणि विझवताना उघडतात. जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही भट्टीत टाकू देऊ नका, त्याचा धूर छातीत जाऊन ताप आणतो.

४. पाणी नीट दिलंय हे कसं ओळखायचं?

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून जमलं तर समोर उभं राहून बघा.

भात्याच्या वाऱ्यावर पातं लाल होतं. साधारण ७७० अंश सेल्सियसला चुंबक त्याला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर नेऊन विझवायचं असतं. पाट्याच्या स्टीलला तेल बरं, थंड पाण्यात एकदम बुडवलं तर तडकण्याची भीती. अनुभवी लोहार अख्खं पातं बुडवतच नाही. धारेकडची बोटभर पट्टी तेवढी बुडवतो, क्षणभर धरतो, बाहेर काढतो आणि विटेच्या तुकड्याने घासून काळी खपली उडवतो. मग हातोडा बाजूला ठेवून नुसतं बघत राहतो. पाठीत उरलेली उष्णता खाली उतरते आणि घासलेल्या उजळ पट्टीवर रंग धावू लागतात. आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. सुरीला गव्हाळ ते तपकिरीच्या मध्ये, म्हणजे साधारण २२० ते २५० अंशांवर थांबवायचं आणि पुन्हा विझवायचं. कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ दिलं तरी चालतं, तिला मार खायचा असतो. निळं झालेलं सुरीचं पातं मऊ पडलेलं असतं. रंग न बघता पातं नुसतं बादलीत टाकून ‘झालं’ म्हणणारा लोहार दिसला तर दुसरा शोधा.

घरी आणल्यावर वाळलेल्या बाभळीच्या फांदीवर दहा-वीस वेळा जोराने चालवा आणि धार उजेडात धरा. दाते पडले असतील तर फार कडक, धार एका बाजूला वळली असेल तर मऊ. पातं फार कडक असेल तर मूठ बसवण्याआधी घरच्या ओटीजीत (विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास ठेवलं की सुधारतं. मऊ असेल तर भट्टीशिवाय इलाज नाही.

५. दोन दिवसांत गंज चढला. लोहाराने फसवलं का?

नाही, लोखंड आहे, गंजणारच. कापून झालं की पुसा, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. कैरी, चिंच, कांदा चिरल्यावर पातं काळं-निळं पडतं ते गंज नाही. तो थर राहू द्या, तो पात्याला राखतो. तांबडी भुकटी दिसली तरच राखेने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासा. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

खंडेनवमीला हत्यारं पुजताना ओलं हळद-कुंकू लावून रात्रभर ठेवतात आणि दसऱ्यानंतर हमखास हाच प्रश्न येतो. पूजा करा, फक्त आधी तेलाचा हात फिरवा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने पुसा.

६. धार घरी लावावी की धारवाल्याकडून?

घरी, दगडावर. सायकलच्या किंवा मोटरच्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं टोक तापून निळं होतं आणि प्रश्न ४ मधली सगळी मेहनत वाया जाते. कोन किती? कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तेवढा कोन दगड आणि पातं यांच्यामध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी. कुऱ्हाडीला थोडा जास्त ठेवा. ऊसतोडीच्या कोयत्याला मात्र दगड नव्हे, कानसच. बीडकडची मंडळी फडात दिवसातून अनेकदा दोन-चार हात मारतात आणि कामाला लागतात.

७. सुरी किंवा कोयता जवळ बाळगला तर पोलीस पकडतील का?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळलेली आहेत. म्हणून विळा, कोयता, कुऱ्हाड शेतकऱ्याच्या घरी असणं गुन्हा नाही. पण शेतीचं हत्यार शेतीसाठीच चाललंय हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे. रात्री अकराला चौकात कमरेला खोचलेला कोयता कुठल्याच नियमाने शेतीचा ठरत नाही. पुण्यातल्या कोयत्याच्या हाणामाऱ्यांच्या बातम्यांनंतर तर सगळीकडेच नजर कडक झाली आहे. नेताना गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून, सामानाच्या तळाशी ठेवा.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत शहरात साधी सुरीही अडचणीत आणू शकते. दुधारी, खंजिरासारखं पातं करून घेऊच नका. शेतात त्याचा उपयोग शून्य.

नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातून कृपाण विकत घेतलेले बरेच जण ‘ती चालते, मग माझी सुरी का नाही’ असं विचारतात. शीख धर्मीयांना कृपाण धारण करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २५ नेच दिला आहे. तो हक्क त्या श्रद्धेचा आहे, दुकानातल्या पावतीसोबत तुमच्याकडे येत नाही.

८. सुरीने सरपण फोडलं तर चालतं का?

जाड लाकडाला कुऱ्हाड, हे ठरलेलं. मनगटाएवढं, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड असेल तर सुरी वर ठेवून पाठीवर लाकडी दांडक्याने मारून फोडता येतं. हातोड्याने कधीच मारू नका. सुरीची खरी कमाल पेटवणात आहे. वाळकी काडी जमिनीवर टेकवून पातं वरून खाली हलकं ओढायचं आणि ढलपी काडीला चिकटलेली ठेवायची. अशा चार-पाच कुरळ्या ढलप्यांच्या काड्या झाल्या की रॉकेल लागत नाही. चुलीत, बंबात किंवा शेगडीत पेट्रोल-डिझेल टाकणाऱ्यांनी भुवया जळाल्यावर आम्हाला प्रश्न पाठवू नयेत.

९. रात्री धूर नसलेले लाल निखारे घमेल्यात घेऊन खोली बंद करून झोपलो तर काय होतं?

सकाळी उठालच याची खात्री नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात.

धूर गेला म्हणजे धोका गेला, हा समज नेमका उलटा आहे. निखारे अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. राखेखाली झाकून ठेवलेले निखारेही हेच करतात. बंद न्हाणीघरात पेटवलेला बंब आणि हवा कोंडलेल्या बाथरूममधला गॅस गिझर याच जातीचे.

नियम एकच: जिथे माणूस झोपतो तिथे रात्री निखारा नको. शेकायचं तर अंगणात, ओसरीवर. झोपायच्या आधी शेगडी बाहेर.

१०. खिडकी थोडी उघडी ठेवली तर? किंवा शेजारी पाण्याची परात ठेवली तर?

पाण्याची परात हा हमखास येणारा प्रश्न. पाणी हा वायू जवळपास शोषतच नाही, परातीने फक्त मनाचं समाधान होतं. तुळशीची कुंडीही याला काही करू शकत नाही. खिडकीची फट काहीच नसण्यापेक्षा बरी, पण वारा पडलेल्या रात्री तिचा भरवसा नाही. हा वायू वर जाऊन छताशी थांबत नाही, खोलीभर मिसळतो, त्यामुळे ‘आम्ही खाली झोपतो’ हेही उत्तर नव्हे. बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइडचं सूचक यंत्र ऑनलाइन मिळतं. घरात आग असेल तर घ्याच, पण ते आहे म्हणून शेगडी आत आणू नका.

कुणाचं डोकं दुखायला लागलं, दोघा-तिघांना एकदम मळमळलं, तर थंडी विसरून सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा.

११. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आहे. आजी ऐकत नाहीत.

आजींचा हेतू उबेचा आहे, तो मोडायचं कारण नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या कापडाची घडी द्या. आधी आपल्या हातावर लावून बघा, बाळाची कातडी फार पातळ असते. ओवा-शेपांची धुरी बाळ-बाळंतिणीला देऊ नका. फारच हट्ट असेल तर ती दोघं दुसऱ्या खोलीत असताना धुरी करा, शेगडी बाहेर काढा, खिडक्या उघडून हवा खेळू द्या आणि मगच त्यांना आत आणा. बाळाच्या फुप्फुसांना धूर आणि प्रश्न ९ मधला वायू दोन्ही मोठ्यांपेक्षा जास्त भोवतात. आजींना सुनेने समजावण्यापेक्षा गावातल्या आशाताईंनी सांगितलेलं लवकर पटतं.

१२. आमच्या जुन्या वाड्यात आयुष्यभर आतच चूल आणि शेगडी होती. तेव्हा कुणाला काही झालं नाही. आताच भीती का?

घर बदललं. माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराला वर साणं असायचं, त्यातून उजेड यायचा आणि धूर जायचा. दारांना बोटबोट फटी, भिंतीत झरोके. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचं वजन माणसांवर कोसळलं. त्यानंतर लातूर-धाराशिवकडे सिमेंटची घरं उभी राहिली आणि पुढे सगळ्याच मराठवाड्यात स्लॅब पडले. ते योग्यच झालं. पण स्लॅबला साणं नाही, सरकत्या काचांच्या खिडकीला फट नाही. शेगडी तीच राहिली, तिच्या डोक्यावरचं भोक बुजलं. आणि ‘काही झालं नाही’ हेही अर्धं खरं. त्या वाड्यांतल्या बायकांचा खोकला आणि पाणावलेले डोळे कुणी हिशेबात धरले नव्हते.

१३. पहाडात असते तशी नळीची लोखंडी बुखारी घरी बसवावी का?

परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा थंडी खोटी नाही. पण ती मोजक्या आठवड्यांची, तीही रात्रीची, दुपारी परत ऊन तापतं. शहरातल्या फ्लॅटला बुखारी हा हौसेचा खर्च आहे. जाड गोधडी आणि दाराखालची फट बंद करणं यात काम भागतं. म्हैसमाळसारख्या उंचावर किंवा उघड्या माळावर शेतघर असेल तर विचार करा.

बसवायचीच तर खाली शहाबादी फरशी, आणि लाकूड, पडदा, गादी यांपासून चहूबाजूंनी तीन फूट मोकळं. नळी शक्य तितकी सरळ वर. छतातून निघते तिथून किमान तीन फूट उंच आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट वर. नळी पत्र्यातून किंवा लाकडी तुळयांजवळून जात असेल तर भोवती मोठी लोखंडी चौकट करून मध्ये मोकळी जागा ठेवा. पीव्हीसी पाइप वितळतो, सिमेंटचा पाइप तापून तडकतो. खोलीत बाहेरून ताजी हवा यायला जागा हवी, नाहीतर बुखारी धूर उलटा आत ओढते. आणि हे सगळं असलं तरी झोपताना विझत आलेली बुखारी पुन्हा भरू नका.

१४. कुठलं लाकूड जाळावं, कुठलं नाही?

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर. जड, सावकाश जळणारी, निखारा धरणारी. तुराट्या आणि पळाट्या (तुरीची आणि कपाशीची वाळकी झाडं) भरभर पेटतात, पेटवणाला छान, पण रात्रभर ऊब देत नाहीत आणि पळाट्या ठिणग्या फार उडवतात. कडब्याच्या गंजीजवळ तर नकोतच. लाकूड फोडून, पावसापासून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून सहा महिने ते वर्षभर वाळवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज आला तर वाळलं, थप्प आवाज आला तर ओलं.

कण्हेर कधीच जाळू नका, तिचा धूर विषारी असतो. त्यावर हुरडा भाजणं तर दूरच. चीक निघणारे शेर आणि रुईही नकोत. रंग दिलेली दारं, प्लायवूड, फवारणीच्या औषधांचे खोके यांचा धूर घरात घेऊ नका. शेतातलं झाड तोडण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्यात विचारा. साग, चंदन, खैर, मोह, आंबा यांसारख्या झाडांना आपल्या बांधावर असली तरी परवानगी लागते.

१५. नळीतून काळं, चिकट पाणी ठिबकतंय.

ओलं लाकूड जाळताय, किंवा हवा अगदी कोंडून आग धुमसत ठेवताय. धुरातलं डांबर थंड नळीत गोठतं आणि एक दिवस नळीच आतून पेट घेते. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा नळी उतरवून तारेच्या ब्रशने साफ करा. पुढे प्रश्न १४ प्रमाणे लाकूड वाळवा.

१६. राख उकिरड्यावर टाकली, रात्री उकिरडा पेटला. राख तर थंड होती.

वरून थंड होती. आतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात चार दिवस ठेवा, मग झाडांना टाका. प्लास्टिकची बादली आणि गोणी नको. हुरड्याच्या आगटीवरही निघताना पाणी ओता, काठीने ढवळा आणि पुन्हा ओता. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवणं झाल्यावर घरी निघायची घाई असते, तेव्हा हे काम एकाच माणसाच्या गळ्यात घाला.

१७. सुरी हातातून हातात दिली की भांडण होतं म्हणतात. खरं?

भांडणाचं माहीत नाही, बोट कापतं हे खरं. खाली ठेवा, दुसऱ्याला उचलू द्या.

१८. कापलं किंवा भाजलं तर पहिल्यांदा काय करायचं?

कापलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. हळद, चुना, कोळशाची भुकटी भरू नका, डॉक्टरला जखम साफ करताना ती आधी काढावी लागते. जखम खोल असेल, बोट हलत नसेल किंवा सुन्न पडलं असेल तर टाके लागतील, लगेच निघा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठी आणि बांगड्या सूज यायच्या आत काढा. फोड आला तर फोडू नका. चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर घरगुती उपाय बंद करून दवाखाना गाठा.